शेल्बी जीटी५०० कन्व्हर्टिबल जुनी घेताय? आधी पायाखालचा गालिचा उचला

माझ्याकडे २०११ ची शेल्बी जीटी५०० कन्व्हर्टिबल आहे, म्हणजे फोर्ड मस्टॅंगचा जास्त ताकदीचा अवतार, तोही उघडणाऱ्या कापडी छताचा. न्यू जर्सीत राहतो, गाडी शोधायला दीड वर्ष लागलं, सात गाड्या पाहिल्या आणि सहा सोडल्या. त्या सहांपैकी इंजिनात खोट असलेली फक्त एक होती. बाकीच्या पाण्याने, लपवलेल्या अपघाताने नाहीतर कागदांनी बाद झाल्या.

हे आधीच सांगतो, कारण ओळखीतला जो कोणी मला या गाडीबद्दल विचारतो तो हॉर्सपॉवरपासून सुरुवात करतो. साहजिक आहे. पण या गाडीचं इंजिन दणकट आहे. तिच्यावर कापडी छत आहे ही गोष्ट मात्र सुपरचार्जरचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपाचा) आवाज ऐकला की माणूस विसरतो. मीही विसरलो होतो.

मी पाहिलेली पहिली गाडी २००८ ची होती, लाल, वर पांढरे पट्टे. मालकाने गॅरेजमध्ये ती सुरू केली आणि माझ्या हातात चेकबुक असतं तर तिथेच सही केली असती. बायको शेजारच्या सीटवर बसली होती. दोन मिनिटांनी म्हणाली, "अरे, इथे पायाला गार का लागतंय?" रबरी मॅट उचलली. खालचा गालिचा मुठीत धरून पिळला तर बोटांतून तपकिरी पाणी गळलं. पावसाळ्यात कपडे नीट न वाळवता घडी घातली की कपाटाला जो कुबट वास येतो, तोच वास. मालक म्हणाला, काल गाडी धुतली. धुतली असेलही, पण बाहेरून धुतलेल्या गाडीत सीटखालचे रूळ गंजत नाहीत.

जरा शब्दांचं. आपण लहानपणापासून जीपच्या कापडी छताला हूड म्हणतो. इथे हूड म्हणजे बॉनेट. मी एका विक्रेत्याला फोनवर "हूड गळतो का?" असं विचारलं तर त्याने मला दहा मिनिटं ऑइलबद्दल समजावलं. म्हणून या लेखात छताला टॉप म्हणतो आणि इंजिनावरच्या झाकणाला बॉनेट. फोनवर तुम्हीही टॉपच म्हणा.

१. आधी साल ठरवा

जीटी५०० हे नाव १९६७ चं. कन्व्हर्टिबल १९६८ मध्ये विक्रीला आली आणि १९७० नंतर नाव बंद पडलं. त्या गाड्या संग्राहकांच्या, त्यांचा बाजार वेगळा. आपण बोलतोय ते २००७ मध्ये परत आलेल्या आणि २०१४ ला संपलेल्या पिढीबद्दल. मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात बनलेली, फोर्डच्या एसव्हीटी या वेगवान गाड्यांच्या विभागाने कॅरोल शेल्बींच्या साथीने उभी केलेली गाडी.

या आठ वर्षांत तिचे चार अवतार झाले:

- २००७ ते २००९: ५.४ लिटर, लोखंडी ब्लॉक, ५०० हॉर्सपॉवर. सर्वांत स्वस्त. नाक जड, वळणावर ते जाणवतं.
- २०१०: नवं रूप, तेच लोखंडी इंजिन, ५४० हॉर्सपॉवर.
- २०११ आणि २०१२: ५.४ लिटरच, पण अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक. इंजिन सुमारे ४६ किलोंनी हलकं झालं आणि ताकद ५५० वर गेली.
- २०१३ आणि २०१४: ५.८ लिटर, ६६२ हॉर्सपॉवर. कूपेचा (पक्क्या छताच्या गाडीचा) कमाल वेग ताशी २०० मैलांच्या वर सांगितला जायचा. कन्व्हर्टिबलला मात्र १५५ मैलांवर लगाम घातला होता.

माझं मत विचाराल तर २०११-१२. ते ४६ किलो समोरच्या चाकांवरून उतरल्यावर गाडी वळायला राजी होते. ६६२ वाली घ्यायची ऐपत असेल तर जरूर घ्या, पण टॉप उघडा ठेवून रूट १ वर सिग्नल टू सिग्नल जाणाऱ्याला ५५० चा तरी काय उपयोग होतो, हे मी अजून शोधतोय.

२. फोटोवरूनच नकली गाड्या गाळा

साध्या व्ही६ (सहा सिलिंडरच्या) मस्टॅंगला शेल्बीचा बंपर, पट्टे आणि नागाचं चिन्ह लावून विकणारे पुष्कळ आहेत. घरबसल्या चार गोष्टी तपासा.

गिअर: २००७ ते २०१४ ची जीटी५०० फक्त सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये आली. जाहिरातीत "ऑटोमॅटिक" दिसलं की पुढचं वाचू नका.

साल: २०२० मध्ये आलेली ७६० हॉर्सपॉवरची जीटी५०० कारखान्यातून फक्त कूपे निघाली. त्या चेहऱ्याची उघड्या टपाची गाडी दिसली तर ती कोणीतरी घरी सजवलेली आहे.

नाव: शेल्बी जीटी आणि शेल्बी जीटी५०० या दोन वेगळ्या गाड्या. २००७-०८ च्या शेल्बी जीटीत सुपरचार्जर नसलेलं ४.६ लिटरचं, ३१९ हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. गाडी वाईट नाही, पण जीटी५०० च्या भावाने घेऊ नका.

व्हिन: सतरा अक्षरांचा हा क्रमांक विक्रेत्याकडून आधीच मागून घ्या. २००७ ते २००९ च्या गाडीत पाचव्या ते सातव्या जागी टी८९ असेल तर कन्व्हर्टिबल, टी८८ असेल तर कूपे. आठव्या जागी एस म्हणजे ५.४ लिटरचं इंजिन. दहावी जागा सालाची: ७, ८, ९ आणि मग २०१० साठी ए, पुढे बी, सी, डी, ई. "भेटल्यावर देतो" म्हणणाऱ्याकडे जाण्यात पेट्रोल घालवू नका.

व्हिन हातात आला की कारफॅक्स किंवा ऑटोचेकचा, गाडीच्या इतिहासाचा अहवाल विकत घ्या. एनएचटीएसए या अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक टाकला की बाकी असलेले रिकॉल (कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावणं) फुकटात कळतात. ताकाता कंपनीच्या एअरबॅगच्या रिकॉलमध्ये या पिढीच्या मस्टॅंग आहेत. ते काम झालेलं नसेल तर डीलरकडे मोफत होतं, पण होईपर्यंत गाडी चालवायला घेऊ नका. स्टिअरिंगमधली जुनी एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडवते, ही जिवावरची गोष्ट आहे.

३. गाडी बघायला जाण्याआधी इन्शुरन्सला फोन करा

आपल्यापैकी बरेच जण हे शेवटी करतात. मीही एका गाडीचा सौदा जवळजवळ पक्का करून मग भाव विचारला आणि वर्षाचा आकडा ऐकून गप्प बसलो. व्हिन देऊन आधीच कोटेशन घ्या.

दोन रस्ते आहेत. नेहमीच्या पॉलिसीत गाडी चोरीला गेली तर कंपनी त्या दिवशीची बाजारातली किंमत ठरवते. संग्राह्य गाड्यांच्या पॉलिसीत रक्कम आधीच ठरवून लिहिलेली असते आणि हप्ताही बहुधा कमी, पण अटी असतात: रोजच्या वापराला घरात दुसरी गाडी हवी, ही गॅरेजमध्ये ठेवायला हवी, मैल मोजके. अपार्टमेंटच्या उघड्या पार्किंगमध्ये ठेवणार असाल तर हा रस्ता बहुतेक बंद आहे, आणि खरं सांगायचं तर मग ही गाडीही घेऊ नका.

कर्ज: पुष्कळ बँका इतक्या जुन्या गाडीला कर्ज देत नाहीत किंवा व्याज वाढवतात. क्रेडिट युनियनकडे (सभासदांच्या पतसंस्थेकडे) विचारा. व्हिसावर असाल तर कर्जाची मुदत व्हिसाच्या तारखेला बांधतात का, तेही आधीच विचारून घ्या.

४. पहिल्या भेटीला काय न्यायचं

पिशवीत एवढं ठेवा:

- टॉर्च, मोबाइलचा नव्हे, खरा
- कागदी नॅपकिनची गुंडाळी
- पाण्याच्या दोन बाटल्या
- लहान चुंबक
- ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारा), स्वस्तातला चालेल
- जुना टॉवेल, गाडीखाली आडवं व्हायला
- सोबत एक माणूस ज्याला गाड्यांत काडीचाही रस नाही

शेवटचा मुद्दा गंमत म्हणून लिहिलेला नाही. ओला गालिचा माझ्या बायकोला सापडला, कारण ती सुपरचार्जर ऐकत नव्हती.

जाण्याआधी विक्रेत्याला सांगा की इंजिन थंड ठेव. पोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर थंड इंजिन सुरू होताना जे ऐकू येतं ते तुमच्यापासून लपवलेलं आहे. का, ते त्यालाच विचारा.

५. पाणी, आणि पुन्हा पाणी

या पायरीला अर्धा तास द्या. इंजिन पळून जात नाही.

विंडशील्डच्या खाली, वायपरच्या मुळाशी प्लॅस्टिकची जाळी आहे. तिच्यात पानं साठतात, निचऱ्याच्या वाटा बुजतात आणि पाणी शेजारच्या सीटच्या पायाशी उतरतं. विशेषतः २००५ ते २००९ च्या मस्टॅंगचं हे जुनं दुखणं आहे. नेमक्या त्याच बाजूला, डॅशबोर्डखाली कडेच्या पॅनलमागे फ्यूज आणि विजेचा मुख्य डबा बसवलाय. तो भिजला की गाडीला भूतबाधा झाल्यासारखं होतं: दिवे आपोआप लागतात, काच अर्ध्यावर अडते, सकाळी बॅटरी मेलेली. मेकॅनिक एकेक भाग बदलत राहतो आणि तुम्ही पैसे देत राहता.

म्हणून मॅट उचला, गालिच्यावर नॅपकिन दाबा. त्या पॅनलच्या कडेला हात घाला. मग मालकाची परवानगी घेऊन जाळीवर एक बाटली पाणी हळू ओता आणि टॉर्च घेऊन आत बघा. परवानगी नाकारली तर ते उत्तरच आहे.

आता टॉप. आधी तो बंद असताना आत बसा, दारं लावा आणि दिवसाउजेडी वर बघा. कुठूनही उजेडाची रेघ दिसली तर तिथून पाऊसही येणार. मागची काच खरी काचेची आहे. ती कापडाला जिथे चिकटवलेली असते ती शिवण बोटाने चाचपा, कोपऱ्यात सुटायला लागते. पुढे विंडशील्डच्या वर दोन खटके आहेत, ते हातानेच सोडायचे. ताकद लावावी लागली तर टॉपची चौकट वाकडी झालेली असू शकते.

खटके सोडून बटण दाबा. टॉप दोन्ही बाजूंनी सारखा उठला पाहिजे. एक बाजू मागे राहिली, मधेच थांबला किंवा मोटर कण्हत राहिली तर हायड्रॉलिक तेल कमी असू शकतं. मागच्या सीटच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत नॅपकिन फिरवा, तेलाचे डाग तिथे लागतात. हे पूर्ण चक्र तीनदा करा. एकदा सगळ्यांचंच नीट होतं.

डिकीत स्पेअरची जागा आणि तळाची लायनिंगही उचलून बघा. आणि नाकाने काम करा: गाडीत शिरल्या शिरल्या व्हॅनिलाचा भपकारा आला, आरशाला तीन-तीन सुगंधी झाडं लटकलेली दिसली, तर तो सुगंध कशावर मारलाय ते शोधा.

६. मग इंजिन, सावकाश

बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे. त्याच्या पुढच्या कडेला रंगाखाली फोड आलेले दिसतात. या गाड्यांत ते सर्रास आहेत, घाबरू नका, पण भाव करताना बोट तिथे ठेवा. चुंबक बॉनेटला चिकटणार नाही, दारांना आणि मागच्या फेंडरला चिकटायला हवा. तिथे घसरला तर खाली लांबीचा थर आहे.

सुपरचार्जरची हवा थंड करायला वेगळा कूलंट, वेगळी टाकी आणि छोटा विजेचा पंप आहे. हा पंप गुपचूप मरतो. गाडी चालू असताना टाकीचं झाकण काढून आत बघा, पाणी हलताना दिसलं पाहिजे. हे इंजिन थंड असतानाच करा. मुख्य कूलंटच्या टाकीचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

"सगळं स्टॉक आहे" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. या गाडीत सुपरचार्जरची लहान पुली आणि संगणकाचं ट्यूनिंग एवढ्यावर ताकद वाढते, त्यामुळे हात न लावलेल्या गाड्या कमी. बदल असणं हा गुन्हा नाही, पण मूळ भाग कुठे आहेत आणि ट्यून कोणी केली हे विचारा. नीट मालक डबा उघडून दाखवतो.

स्कॅनर लावून रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या संगणकाने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बघा. बरेच "अपूर्ण" दिसले तर नुकतीच बॅटरी काढून चुकांच्या नोंदी पुसलेल्या असू शकतात. न्यू जर्सीच्या एमिशन तपासणीत अशी गाडी नापास होते.

चालवताना पहिली गोष्ट क्लच. आपण मॅन्युअलवरच शिकलेले असतो, त्यामुळे अमेरिकन विक्रेते कौतुकाने बघतात. फुगून जाऊ नका, हा मारुतीचा क्लच नाही. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. इंजिनाचे फेरे वाढले पण गाडी तेवढी सरकली नाही, तर क्लच घसरतोय. दुसऱ्या-तिसऱ्यात टाकताना करकर होते का तेही ऐका. खडबडीत रस्त्यावर आरसा थोडा थरथरेल. टप कापलेल्या गाडीत ते चालायचंच. दारं खडखडली तर मात्र अपघाताचा इतिहास विचारा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षं जुन्या टायरवर ५५० हॉर्सपॉवर सोडू नका.

एवढं सगळं पास झालं तरी स्वतंत्र मेकॅनिककडे लिफ्टवर गाडी चढवा. त्याचे दोन-तीनशे डॉलर हा खर्च समजू नका. पाचवी गाडी मी त्या पैशांमुळेच सोडली: खालून चेसिसची एक बाजू सरळ करून रंगवलेली निघाली, आणि अहवालात अपघाताचा उल्लेखही नव्हता.

७. कागद

न्यू जर्सीतल्या खरेदीदाराने हे जवळ ठेवावं:

- टायटलचं (गाडीच्या मालकीचं) मूळ पत्र, मागे विक्रेत्याची सही, किंमत, तारीख आणि ओडोमीटरचा आकडा
- बिल ऑफ सेल (विक्रीची पावती), दोन प्रती
- विक्रेत्याच्या लायसन्सचा फोटो
- तुमचं लायसन्स आणि इन्शुरन्स कार्ड
- टायटल कर्जात अडकलेलं असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र

टायटलवरचं नाव आणि समोरच्याच्या लायसन्सवरचं नाव एकच हवं. "माझ्या मित्राची गाडी आहे, मी फक्त विकून देतोय" असं ऐकलं की नमस्कार करून निघा. टायटलवर खाडाखोड किंवा व्हाइटनर असेल तर एमव्हीसीच्या (न्यू जर्सीच्या वाहन कार्यालयाच्या) खिडकीवरून परत येताल. सॅल्व्हेज (मोडीत काढलेली), रीबिल्ट (मोडीतून पुन्हा उभी केलेली) किंवा फ्लड (पुरात बुडालेली) हे शब्द कुठेही उमटलेले नाहीत ना, ते बघा. एका राज्यातला फ्लडचा शिक्का दुसऱ्या राज्यात नोंदणी करून धुऊन काढणारे लोक आहेत, म्हणून गाडी कोणकोणत्या राज्यांत फिरली ते अहवालात वाचा. कापडी छताच्या गाडीला हे दुप्पट लागू.

मैलांबाबत एक बारीक खोच आहे. संघराज्याच्या नियमानुसार २०११ आणि नंतरच्या गाड्यांना वीस वर्षं ओडोमीटर लिहून द्यावा लागतो. २०१० आणि आधीच्यांना आता सूट आहे. म्हणजे २००८ च्या गाडीवर "फक्त वीस हजार मैल" लिहिलेलं असेल तर त्यामागे टायटलचा आधार नाही. सर्व्हिसच्या पावत्या मागा.

माझी गाडी पेन्सिल्व्हेनियात, अ‍ॅलनटाउनजवळ मिळाली. तिथे टायटलवरची विक्रेत्याची सही नोटरीसमोर व्हावी लागते. न्यू जर्सीत तसं नाही, त्यामुळे आम्ही दोघं मालकाच्या स्वयंपाकघरात सही करून मोकळे होणार होतो. त्याच्या बायकोने वेळीच अडवलं म्हणून बरं. मग टॅग एजन्सीत, म्हणजे टायटल आणि नंबरप्लेटची कामं करणाऱ्या दुकानात गेलो, तिथे नोटरीही झाली आणि गाडी घरी आणण्यापुरती तात्पुरती नंबरप्लेटही मिळाली. दुसऱ्या राज्यात घेणार असाल तर त्या राज्याचे नियम आदल्या रात्री वाचा.

पैसे बँकेच्या शाखेत बसून द्या. कॅशियर्स चेकही (बँकेने स्वतः दिलेले चेक) खोटे बनतात, त्यामुळे विक्रेत्यालाही तेच सोयीचं. "टायटलवर किंमत कमी लिहूया, टॅक्स वाचेल" असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स टाळायला सरकारी कागदावर खोटं लिहिणं, तेही आपल्यापैकी कोणी व्हिसावर असताना, हा धंदा आतबट्ट्याचा आहे.

आणि पुण्याला घेऊन जायचं स्वप्न असेल तर ते इथेच मिटवा. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. जीटी५०० दोन्हींत बसत नाही.

८. पहिल्या महिन्यात

ऑइल बदला, आणि ५डब्ल्यू-५० च घाला. झटपट ऑइल बदलणाऱ्या दुकानात "मस्टॅंग आहे ना" म्हणून साध्या जीटीचं ५डब्ल्यू-२० ओततात. मी स्वतःची बाटली घेऊन जातो आणि समोर उभा राहतो.

पेट्रोल प्रीमियम. न्यू जर्सीत पंपावरचा माणूसच भरतो आणि तुम्ही बोलला नाहीत तर रेग्युलरचं बटण दाबतो. काच खाली करतानाच "प्रीमियम" म्हणा, कार्ड नंतर द्या.

ओला टॉप घडी करून ठेवू नका, बुरशी धरते. कडाक्याच्या थंडीत उघडू नका, कापड आणि शिवण कडक झालेले असतात. ब्रश फिरणाऱ्या कार वॉशमध्ये नेऊ नका. उन्हाळी टायर असतील तर पारा सात अंशांच्या खाली गेल्यावर रबर दगडासारखं होतं, तेव्हा गाडी गॅरेजमध्येच बरी. शहरात लावताना आत पिशवी, जॅकेट, चार्जरसुद्धा ठेवू नका. दहा डॉलरच्या चार्जरसाठी कोणी चाकूने टॉप फाडला तर नव्या टॉपचं बिल तुमचं.

मागच्या सीटबद्दल घरी आधीच खरं सांगून टाका. माझे बाबा सांगलीहून आले तेव्हा म्हणाले, "छप्पर नसलेली घ्यायची होती तर जीप घ्यायचीस की, माणसं तरी बसली असती." त्यांना पुढे बसवलं, आई दहा मिनिटं मागे बसली आणि उतरताना पदर, केस आणि मला एकदमच आवरू लागली. तेव्हापासून पाहुणे आले की रोजची मोठी गाडी निघते.

आणि ऑक्टोबर लागला की दर रविवारी वायपरच्या मुळाशी अडकलेली पानं हाताने वेचा. माझ्या दारात मेपल आहे, पोतंभर निघतात.